डबा नको, मी खाणावळीत जातो

सध्या आमच्या घरात एका विषयावर एकमत होत नाहीये, आणि तो विषय आहे माझं दुपारचं जेवण. थोरला पुण्यात, धाकटी नाशिकला आणि मी इथे अवसरीत. हिला जाऊन चार वर्षं झाली. सकाळचा चहा आणि रात्रीची मुगाची खिचडी मला जमते, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दुपारचं काय, यावर मात्र पक्ष पडले आहेत. मुलांचा पक्ष म्हणतो, "आण्णा, डबा लावा. बारा वाजता घरपोच येईल. ऊन नको, चालणं नको." मंचरच्या बहिणीचा पक्ष त्याहून कडक आहे. "सुना-लेकी असलेला माणूस खाणावळीत जेवतो, लोक काय म्हणतील?" आणि मी गेले आठ महिने रोज साडेबाराला टोपी घालून गावातल्या मेसवर जातोय. फोनवर हा वाद पाच मिनिटांत "बरं बरं, तब्येत सांभाळा"वर संपतो, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो आहे. नातेवाइकांनी वाचावंच, बाकीच्यांनी पंच म्हणून वाचावं.

आधी मेसबद्दल. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, तंत्रनिकेतनही आहे. त्यामुळे यवतमाळ, लातूर, जळगाव अशी कुठकुठची पोरं आमच्या पंचक्रोशीत खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यासाठी घरगुती खाणावळी निघाल्या. पोरं त्याला मेस म्हणतात, मी खाणावळ म्हणतो, मालकीणबाई दोन्हीला ओ देतात. पत्र्याची शेड, तीन लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाकडी. नवरा-बायको चालवतात, पोळ्या लाटायला तिची आई. भाजी, आमटी, भात, पोळी किंवा भाकरी, आणि गुरुवारी मासवडी. जेवण शाकाहारी, पण बोर्डावर तसं काही लिहिलेलं नाही. मासवडीवरून नव्या पोरांचा दरवर्षी गोंधळ होतो. परवाच एक विदर्भातला मुलगा ताटाकडे संशयाने बघत म्हणाला, "काका, हे मासे आहेत का?" त्याला सांगितलं, बाबा रे, आकार माशाच्या तुकडीचा, आत खोबरं, तीळ, कांदा, लसूण, आणि बाहेर बेसन. जुन्नर-आंबेगावात आलास आणि मासवडी खाल्ली नाहीस तर तुझी पदवी अपुरी. त्याने तीन खाल्ल्या.

डब्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. डब्यावरच शिकलो मी. १९६८ साली बी.ए.साठी पुण्याला गेलो तेव्हा पहिलं वर्षभर आई एसटीने डबा पाठवायची. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे मंचरला डबा द्यायचा आणि मी शिवाजीनगर स्टँडवर उभा राहून घ्यायचा. साठेक किलोमीटर प्रवास करून आलेली ती भाकरी, झाकणाला चिकटलेली लसणाची चटणी. आपल्या भागातली कितीतरी पोरं अशी शिकली. (ते स्टँड २०१९च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हललं.) आणि डबा हा तर आपल्या मुलखाचा अभिमान. मुंबईचे डबेवाले कुठले? खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळचे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम उभं केलं आणि आपल्या डोंगरातल्या माणसांनी सव्वाशेहून जास्त वर्षं अख्ख्या शहराला घरचं जेवण पोचवलं. त्यांची कामातली शिस्त मी वर्गात उदाहरण म्हणून शिकवत आलो.

पण त्याच १८९० सालची दुसरी एक गोष्ट बघा. ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. रानडे, टिळक, गोखले अशी मोठी मंडळी हजर होती. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. पुढे गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि भडका उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तावरून पुढची दोनेक वर्षं पुणं ढवळून निघालं. एका कप चहावरून!

म्हणजे मुंबईत डबा सुरू झाला त्याच वर्षी पुण्यात बाहेरचा चहा प्यायल्याबद्दल लोक वाळीत पडत होते. डबा चालला तो काही फक्त आईच्या हाताच्या चवीमुळे नाही. बाहेर कोणी रांधलेलं, कोणी वाढलेलं, कोणाच्या शेजारी बसून खायचं, हे सगळे प्रश्न डब्याने टाळले. डब्याबरोबर आपलं घर आपल्यापाशी येतं आणि आपण त्या घरातच बसून जेवतो, मग आजूबाजूला कचेरी असो की गिरणी. खाणावळीत जायचं तर घर सोडून जावं लागतं. शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात राहत नाही. माझ्या मते खाणावळीचं खरं महत्त्व यातच आहे. चव, स्वस्ताई, घरगुतीपणा हे सगळं त्याच्या मागून.

याचा अर्थ खाणावळी पहिल्यापासून उदार होत्या असा नाही. पुण्याच्या खाणावळींच्या आठवणी सांगताना आमच्या पिढीतली माणसं फार हळवी होतात. आमटीचा वास, पितळी वाट्या, वगैरे. त्यांना मी एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी एसटीचा डबा बंद झाला (आईचा हात मोडला होता) आणि मी आणि माझ्या वर्गातला एक मुलगा, दोघं खाणावळ शोधायला निघालो. तो पण आपल्याच तालुक्यातला, माझ्यापेक्षा हुशार, अक्षर मोत्यासारखं. एका पेठेत एक नावाजलेली खाणावळ होती. मालकांनी आम्हाला नीट बसवलं, महिन्याचा दर सांगितला, वही उघडली आणि विचारलं, "आडनाव?" माझं लिहून घेतलं. त्याचं ऐकलं आणि वही मिटली. "एकच जागा आहे हो सध्या." आत चार ताटं रिकामी दिसत होती. आम्ही दोघं उठून बाहेर आलो. तो रस्त्यात एवढंच म्हणाला, "आडनाव विचारलं की मला भूक लागायची बंद होते." हे १९६९ साल आहे बरं का. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे, तिथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा होऊन असं अडवणं गुन्हा ठरलं होतं. पण वही मिटण्याला कुठला पुरावा असतो?

आडनाव न विचारताही कळायचं म्हणा. पहिल्या दिवशी पंक्तीत तुम्ही "पोळी" मागता की "चपाती", यावरून वाढप्याला अंदाज यायचा. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण एका शब्दात माणसाची अख्खी वंशावळ उलगडते याचं याहून चांगलं उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं नाही.

अखेर नळ स्टॉपच्या बाजूला आम्हा दोघांना एक खाणावळ मिळाली. एक विधवा बाई चालवायच्या. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. विचारलं ते हे: "किती पोळ्या खाता?" तिथे आम्ही अडीच वर्षं जेवलो. महिन्याचे पैसे आगाऊ. गावी गेलात तर सलग तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तरच खाडा धरणार. पाहुणा आणलात तर आदल्या दिवशी सांगायचं. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री चूल बंद. भिंतीवर नियमांची पाटी नव्हती, बाईंचा आवाज होता. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पुस्तक घेऊन बसलो की म्हणायच्या, "आधी ताटाकडे बघ." ७२च्या दुष्काळात गावाकडे मिलोच्या लाल भाकऱ्या खात होते, त्या वर्षी आमच्यातल्या तिघांचे घरून पैसे आले नाहीत. बाईंनी वहीत लिहून ठेवलं आणि वाढत राहिल्या. पुढे त्यातल्या दोघांनी नोकरी लागल्यावर फेडले. तिसऱ्याचं काय झालं ते बाईंनी कधी सांगितलं नाही.

आता मूळ मुद्दा. माणसं एकत्र बसून जेवायला शिकली ती उपदेशाने कमी आणि हॉटेलांनी जास्त, असं माझं मत आहे. गावजेवणात तरी काय होतं? अगदी आमच्या लहानपणापर्यंत पंक्ती वेगळ्या बसायच्या, कोण आधी, कोण नंतर, कोण कुठल्या कोपऱ्यात, हे न सांगता ठरलेलं असायचं. हॉटेलात मात्र नाणं टाकलं की चहा. यात दुकानदाराचा स्वार्थ होता, पण त्या स्वार्थाने चांगलं काम केलं. अर्थात सगळीकडे आपोआप नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात गंगाराम कांबळे या दलित माणसाने चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. त्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा खुद्द महाराज तिथे गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. महाराजांचं बाकीचं कार्य मोठं आहेच, पण मला हा चहा सगळ्यात जास्त आवडतो. आणि तिकडे मद्रासला १९५७ सालीसुद्धा हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढायला पेरियार यांना आंदोलन करावं लागलं.

पुण्यात मला ज्या जागेबद्दल मनापासून आदर आहे ती म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस. १९३५ सालचं. नव्वदी ओलांडली त्याने. तिथलं थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी यांवर इतरांनी खूप लिहिलंय, मी लिहीत नाही. मला कौतुक आहे ते काढणाऱ्याचं. नानासाहेब सरपोतदार हे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. १९२५ साली त्यांनी 'महाराची पोर' नावाचा मूकपट काढला होता. साल परत वाचा. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून दोन वर्षं होती, आणि या माणसाने ते नाव पडद्यावर आणलं. पुढे १९३१ला 'आलम आरा' आला, सिनेमा बोलायला लागला आणि मूकपटवाल्यांचा काळ संपत आला. १९३३च्या सुमाराला प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, पुणं सिनेमाचं गाव झालं. आणि नानासाहेबांनी खाण्या-राहण्याची जागा काढली.

नाटक-सिनेमातल्या माणसांना त्या काळी भाड्याने खोली मिळणं मुश्कील. रात्री-अपरात्री येणारी, तोंडाला रंग लावणारी माणसं, पोटाची खात्री नाही, पैशाची त्याहून नाही. अशांना या घराने थारा दिला. १९४० साली नानासाहेब गेले, पण पुढच्या पिढीने तेच चालू ठेवलं. चारूकाका सरपोतदारांचं नाव आजही जुने कलावंत हात जोडून घेतात. खाणं विकण्याचा धंदा अनेकांनी केला, पण ज्यांना कोणी पंक्तीला घेत नाही त्यांना पंक्तीला घेऊन तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकवला, असे थोडे.

मी तिथे पहिल्यांदा गेलो १९७० साली, वक्तृत्व स्पर्धेत मिळालेले पाच रुपये उडवायला. टेबलावर समोर एक म्हातारे गृहस्थ होते. ओळख ना पाळख, पण मी मित्राशी बोलताना काहीतरी म्हणालो तर ते खाता खाता थांबले आणि म्हणाले, "शेवटचा शब्द गिळू नका, मागच्या रांगेला पोचत नाही." नाटक कंपनीत आयुष्यभर प्रॉम्प्टर होते ते. मग पाऊण तास त्यांनी मला आवाज कसा फेकावा ते शिकवलं, थालीपीठ गार झालं. पुढे पस्तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात माइकशिवाय शिकवलं ते त्या पाऊण तासावर. स्वतंत्र टेबल मागून घेतलं असतं तर ही शिकवणी मिळाली नसती.

अशा जागा आणखी आहेत. टिळक रस्त्यावरचं बादशाही साधारण त्याच काळातलं. माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं, केळीच्या पानावर जेवण. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली १९५१ पासूनची, तिचे जगन्नाथ शेट्टी २०२३ साली वारले तेव्हा पुण्यातली अर्धी निवृत्त मंडळी घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळली. ही सगळी शाकाहारी घरं. यावर माझं जरा वेगळं मत आहे. मी माळकरी, मांसाहार करत नाही, पण शाकाहार पवित्र आणि बाकीचं अपवित्र असं मी मानत नाही. शाकाहारी खाणावळीचा फायदा मला व्यवहारी दिसतो: वरण-भात-भाजीपुढे जवळजवळ कोणालाही बसता येतं. कोणाला गाय चालत नाही, कोणाला डुक्कर, कोणाला हलालच हवं, कोणाचा सोमवार, कोणाची एकादशी. वरणाच्या वाटीपाशी हे सगळे वाद मिटतात. आमच्या मेसवर तांबोळ्यांचा पोरगा, जैनांचा पोरगा (कांदा बाजूला काढून) आणि मी एका बाकड्यावर बसतो ते त्यामुळे.

पण तोच शाकाहार दार बंद करायलाही वापरता येतो. राजगुरुनगर ते नारायणगाव हायवेने जाताना पाट्या वाचा. 'शुद्ध शाकाहारी', 'प्युअर व्हेज', 'फक्त शुद्ध शाकाहारी'. अरे, मग अशुद्ध शाकाहारी म्हणजे काय? त्या 'शुद्ध' शब्दाचा वांग्याशी काही संबंध नाही, तो माणसांकडे बघून लिहिलेला असतो, असं मला वाटतं. सगळ्यांच्या मनात तसं नसेल, पुष्कळांनी शेजारच्याने लिहिलं म्हणून लिहिलं असेल, पण शब्द फुकट येत नाहीत. (आणि पाटीवर 'उपहारगृह' लिहितात त्यांना एका निवृत्त मास्तरची विनंती: उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याचा तो उपाहार. काना द्या.) आत गेलं तर चार-चार खुर्च्यांची टेबलं, मधे लाकडी पार्टिशन, एसी विभाग वेगळा. एकटा माणूस गेला तर वेटर त्याला खांबाआडच्या जागेवर नेतो. समोरच्या खुर्चीवर कोणी बसायला आलं तर आपणच दचकतो. जेवण उत्तम असतं, नाही म्हणत नाही. पण तिथे दहा वर्षं गेलात तरी तुम्ही नवेच.

जुन्या खाणावळींत एक मोठी उणीव होती, ती बहिणीच्या पक्षाने अजून काढलेली नाही, म्हणून मीच सांगतो. बायका कुठे होत्या? स्वयंपाकघरात. हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची, हिरवा पडदा लावलेली, तिच्यात नवऱ्याबरोबर बसायचं. आमची ही लग्नानंतर पहिल्यांदा अशा पडद्याआड बसली तेव्हा म्हणाली, "इथं बसून मी काय दवाखान्यात आलेय का?" आणि पडदा बाजूला सारला. गिरणगावात तर हजारो कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकाच, पण सावकाराच्या कचाट्यात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारा संपावर म्हणजे खाणावळवालीही त्याच्याबरोबर संपावर, हे लक्षात घ्या. आपल्या तालुक्यातले किती कामगार तेव्हा गावी परतले ते घराघरांत माहीत आहे. आज आमच्या मेसवर पोरांइतक्याच पोरी असतात, त्याच बाकड्यांवर, आणि आमटी पातळ झाली तर पहिली ओरड त्यांचीच. एवढ्याने मला बरं वाटतं.

सरकारनेही प्रयत्न केले. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर निघाली, २०२०च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. भुकेल्याला ते मोलाचंच आहे, त्याची टवाळी मी करणार नाही. पण तिथे माणूस रांगेत उभा राहतो, जेवतो, जातो. उद्या तो आला नाही तर कोणी विचारत नाही. खाणावळीत 'मेंबर' असतो. दोन दिवस दिसला नाही की चौकशी होते.

आता मुलांना थेट उत्तर. डबा लावला तर तो बारा वाजता दारात येईल. देणारा पोरगा घाईत असेल. मी टीव्ही लावून त्याच्यापुढे जेवीन, डबा धुवून ठेवीन, आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. ही गेल्यानंतरचं पहिलं वर्ष मी असंच काढलं. डबा उत्तम होता. जेवणाने पोट भरायचं, पण संध्याकाळी मंदिरात कोणी हाक मारली तर आवाज घशातून फुटायला वेळ लागायचा. मास्तरचा आवाज!

मेसवर काय होतं? लातूरचा एक मुलगा मला मोबाईलमधलं शिकवतो, मी त्याचा नोकरीचा अर्ज तपासतो. मुलाखतीला जाणाऱ्यांना मी प्रॉम्प्टरकाकांचा मंत्र देतो, शेवटचा शब्द गिळू नका. श्रावणात मला ताप आला आणि दोन दिवस गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पोरं आणि मालकीणबाईंची आई दारात, हातात भाताची पेज. थोरल्याला हे मी फोनवर सांगितलं नव्हतं, आता कळलंच. त्यांनी तुम्हाला फोन करायला नंबर मागितला होता, मीच दिला नाही. पुढच्या वेळी देईन.

मीठ जास्त असतं हा सूनबाईंचा आक्षेप रास्त आहे. बीपीचं सांगून मी माझी भाजी आधी काढून ठेवायला लावली आहे. ऊन लागतं, तर छत्री आहे. राहिला लोक काय म्हणतील हा मुद्दा. ताई, लोक म्हणतात ते मी ऐकलंय. आपल्याच भावकीतले एक गृहस्थ (वय माझ्याएवढंच, तेही एकटे) पारावर मला म्हणाले, "मास्तर, पोरांनी टाकलं का काय तुम्हाला?" मी म्हटलं, "उद्या साडेबाराला या, गुरुवार आहे, मासवडी आहे." आले. बाकड्यावर जागा होती ती एका पोरीच्या शेजारी. जरा अवघडून बसले. तिने विचारलं, "आजोबा, भाकरी की चपाती?" आता ते पण महिन्याचे पैसे भरतात. तिसरे एक निवृत्त तलाठी आहेत, ते अजून घरच्यांना विचारताहेत.

एक अडचण मात्र खरी आहे. दिवाळीत कॉलेजला सुट्टी लागली की मेस पंधरा दिवस बंद. तेवढे दिवस मी पुण्याला तुमच्याकडे येणार आहे. एक दिवस लक्ष्मी रस्त्यावर थालीपीठ खायला जायचं. आपण तिघं असू, चौथी खुर्ची मोकळी राहील. तिच्यावर पिशव्या ठेवायच्या नाहीत, आणि कोणी बसायला आलं तर मोबाईल खिशात, एवढं नातवाला आत्ताच सांगून ठेवा.